विश्लेषण : खापरपणजोबांचे नाव कुठे सापडेल? मावळात वंशावळीचा माग किती मागे जातो?

‘आमचे पूर्वज शिवरायांचे मावळे होते,’ हे वाक्य मावळातल्या कितीतरी घरांत अभिमानाने सांगितले जाते. मात्र त्याच घरात खापरपणजोबांचे नाव विचारले, तर अनेकदा कुणालाच सांगता येत नाही. आजोबांचे नाव पाठ असते, पणजोबांचे सातबाऱ्यावर कुठेतरी असते आणि त्यापुढे अंधार असतो. एरवी याने कुणाचे अडत नाही. पण जातीचा दाखला काढायचा असेल, वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा सिद्ध करायचा असेल किंवा वनजमिनीचा पट्टा मागायचा असेल, तर या एका नावावर प्रवेश, नोकरी आणि जमीन ठरते. मग हे नाव शोधायचे कुठे? मावळ-लोणावळ्यात कागद किती मागे नेतो? आणि ज्यांच्या नावाचा कागदच कधी झाला नाही, त्यांनी काय करायचे?

वंशावळीचा शोध आता इतका चर्चेत का?

मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर राज्य सरकारने ७ सप्टेंबर २०२३ रोजी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुरुवातीला तिचे काम मराठवाड्यापुरते होते, नंतर ते राज्यभर वाढवण्यात आले. जुन्या सरकारी दप्तरांतील कुणबी नोंदी शोधण्याची मोहीम त्यातून सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये मनोज जरांगे पाटील यांचा मुंबईकडे निघालेला मोर्चा लोणावळ्यातूनच पुढे वाशीला गेला. त्या काळात तहसील कार्यालयांच्या अभिलेख कक्षांत कधी नव्हे ते सामान्य माणसांच्या नावांसाठी रुमाल सोडले गेले.

पण नोंद सापडणे ही अर्धीच गोष्ट आहे. नोंदीतला माणूस आपलाच पूर्वज आहे, हे अर्जदाराला सिद्ध करावे लागते. त्यासाठी वंशावळ लागते आणि वंशावळीतल्या प्रत्येक जोडाला कागदाचा आधार लागतो. जात प्रमाणपत्रांबाबतच्या राज्याच्या कायद्यानुसार पुराव्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावरच आहे.

कुणाला किती मागचा पुरावा द्यावा लागतो?

प्रवर्गानुसार तारखा वेगवेगळ्या आहेत. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा मागितला जातो. म्हणजे २००५ मध्ये जन्मलेल्या कुणबी विद्यार्थ्याला साधारणपणे आजोबा किंवा पणजोबांपर्यंत पोहोचावे लागते.

पिढ्यांचा हिशेब सोपा आहे. एका पिढीला सरासरी २८ वर्षे धरली, तर २००५ मध्ये जन्मलेल्या मुलाचे आजोबा १९४९ च्या आसपास, पणजोबा १९२१ च्या आसपास आणि खापरपणजोबा १८९३ च्या आसपास जन्मलेले असतात. खापरपणजोबांचे कर्तेपण १९१५ ते १९५० या काळात गेले. मावळासारख्या शेतीच्या तालुक्यात नेमक्या याच काळात जमिनीच्या नोंदी पक्क्या झाल्या. त्यामुळे घरात जमीन होती, तर हे नाव कुठेतरी असण्याची शक्यता चांगली आहे.

सुरुवात कुठून करायची?

सरकारी कचेरीच्या आधी घरातून. सर्वांत वयस्कर आत्या, चुलत आजोबा, गावातच राहिलेली भावकी यांच्याकडून नावे लिहून घ्यावीत. मावळात एकाच आडनावाची पाच-सात घरे एका गावात असतात आणि त्यांचा मूळपुरुष एकच असल्याचे सांगितले जाते. कुणाचा कोण सख्खा आणि कुणाचा कोण चुलत, हे सुतक कुणाकुणाला लागते यावरून पटकन कळते. सुतक पाळणारी घरे म्हणजे भावकीची तोंडी यादीच.

घरातील ट्रंकेत जुन्या शेतसाऱ्याच्या पावत्या, खरेदीखते, कर्जरोखे, शाळा सोडल्याचे दाखले, सैन्यातील पेन्शनची कागदपत्रे असतात. मावळातून लष्करात आणि देहूरोडसारख्या लष्करी डेपोंत नोकरीला गेलेली माणसे बरीच. माजी सैनिकांच्या आणि १९६७ पूर्वीच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या सेवानोंदी याही पुराव्यात धरल्या जातात.

यातून जे मिळेल ते एका कागदावर झाडासारखे मांडावे. प्रत्येक नावापुढे गाव, अंदाजे जन्मसाल आणि माहिती कुणी दिली ते लिहावे. ऐकीव नाव आणि कागदावर पाहिलेले नाव यांना वेगळी खूण करावी. पुढच्या कामात हाच कागद सर्वाधिक उपयोगी पडतो.

जमिनीच्या कागदांतून मागे कसे जायचे?

आजच्या सातबाऱ्यावर नावासोबत फेरफार क्रमांक असतात. हे क्रमांक म्हणजे मागे जाण्याच्या पायऱ्या आहेत. एखादा खातेदार मयत झाला की वारसांची नावे फेरफाराने चढतात आणि त्या फेरफारात ‘अमुक मयत, वारस मुलगे अमुक अमुक’ असे स्पष्ट लिहिलेले असते. बाप-लेकाचे नाते सिद्ध करायला याहून चांगला महसुली कागद नाही. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही आणि ६-क म्हणजे वारसांची नोंदवही. दोन्ही पाहावीत.

तत्कालीन मुंबई प्रांतात हक्कनोंदीचा कायदा १९०३ मध्ये आला आणि १९१३ पासून ही पद्धत जमीन महसूल कायद्याचाच भाग झाली. त्यामुळे फेरफारांची साखळी साधारणपणे विसाव्या शतकाच्या पहिल्या-दुसऱ्या दशकापर्यंत नेता येते. तिथे थांबल्यावर भूमी अभिलेख खात्याचे जुने कागद कामाला येतात. शेतवारपत्रक, पक्काबुक, क्लासर रजिस्टर, प्रतिबुक अशी त्यांची नावे आहेत. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी जमिनींची मोजणी करून आकारणी ठरवली, तेव्हाची ही दप्तरे. कोणत्या सर्व्हे नंबरवर कोणाचे नाव होते, हे त्यांत दिसते.

एक अडचण मात्र हमखास येते. आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर आहे आणि जुन्या कागदावर सर्व्हे नंबर. जमीन एकत्रीकरणाच्या योजनेत अनेक गावांचे क्रमांक बदलले. म्हणून आधी उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या सर्व्हे नंबरची आणि नव्या गट नंबरची जुळणी करून घ्यावी लागते. ही पायरी गाळली, तर माणूस दुसऱ्याच्याच जमिनीच्या कागदांत पूर्वज शोधत बसतो.

कुळकायद्याचे कागदही विसरू नयेत. १९४८ च्या कायद्यानंतर आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला कुळे जमिनीची मालक झाली. ज्यांच्या नावावर त्याआधी जमीन नव्हती, अशा घरांचे पहिले नाव अनेकदा कुळ नोंदवहीत किंवा पाहणी पत्रकातच मिळते.

महसूल विभागाच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर स्कॅन केलेले जुने कागद शुल्क भरून पाहता येतात. जिल्हा, तालुका आणि गाव निवडले की तिथे काय उपलब्ध आहे ते मोबाइलवरच दिसते. जे तिथे नाही, त्यासाठी वडगाव मावळच्या तहसील कार्यालयातील अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करावा लागतो.

जात लिहिलेला कागद कोणता?

सातबाऱ्यावर जात नसते. ती सापडते दोन ठिकाणी. पहिले, गाव नमुना १४ म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची नोंदवही. लोक तिला ‘कोतवाल बुक’ म्हणतात. गावात जन्म किंवा मृत्यू झाला की त्याची नोंद होई आणि ती तालुक्याला जाई. त्यात बाळाच्या बापाचे नाव, जात आणि तारीख असते. बाळाचे स्वतःचे नाव मात्र अनेकदा नसते. ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच लिहिलेले असते, कारण नोंद बारशाच्या आधीची असते. त्यामुळे नाव शोधू नये, बाप आणि तारीख शोधावी.

दुसरे, शाळेचे जनरल रजिस्टर म्हणजे प्रवेश-निर्गम नोंदवही. मावळातल्या काही मोठ्या गावांतील शाळा शंभर वर्षांहून जुन्या आहेत. पणजोबा दुसरी-तिसरीपर्यंत जरी शिकले असतील, तरी त्यांचे नाव, वडिलांचे नाव, जात आणि जन्मतारीख तिथे असू शकते. शाळा बंद झाली किंवा एकत्र केली गेली असेल, तर जुनी रजिस्टरे कोणत्या शाळेकडे गेली याची पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडे चौकशी करावी.

याशिवाय दुय्यम निबंधक कार्यालयातील खरेदीखते, दत्तकपत्रे आणि मृत्युपत्रे, पोलीस ठाण्यांची आणि तुरुंगांची जुनी रजिस्टरे, अगदी उत्पादन शुल्क विभागाच्या ताडीच्या परवान्यांच्या वह्याही शोधमोहिमेत तपासण्यात आल्या. पूर्वी खटल्यात अडकलेला किंवा परवाना घेतलेला पणजोबा त्यामुळे वंशजांच्या कामाला आला, असेही होऊ शकते.

मोडीत लिहिलेले कसे वाचायचे?

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सरकारी कागदांत मोडीचा वापर चालू होता. मोडीत दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद फारसा करत नाहीत आणि काही अक्षरे एकमेकांसारखी दिसतात. त्यामुळे एकच नाव दोन वाचक दोन प्रकारे वाचू शकतात. अधिकृत कामासाठी जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे लागते.

स्वतः कागद पाहणाऱ्यांनी तीन शब्द ओळखायला शिकले तरी बरेच काम होते. ‘बिन’ म्हणजे अमुकचा मुलगा, ‘वलद’चा अर्थही तोच आणि ‘कोम’ म्हणजे अमुकची बायको. ‘गणू बिन राघू’ असे लिहिले असेल, तर गणू हा राघूचा मुलगा. आडनाव पुष्कळदा नसतेच. त्यामुळे आडनावाने शोध घेणाऱ्याच्या हाती काही लागत नाही आणि बापलेकांच्या नावांची जोडी शोधणाऱ्याच्या हाती लागते.

सन हा दुसरा अडथळा. जुन्या कागदांत इसवी सन असेलच असे नाही. शके असेल तर ७८ मिळवावेत. दख्खनचा फसली सन असेल तर ५९० मिळवावेत. पेशवाईतील कागदांवर शुहूर सन अरबी शब्दांत असतो. इहिदे म्हणजे एक, सलास म्हणजे तीन, अर्बा म्हणजे चार. त्यात साधारण ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. म्हणजे शके १८२२ आणि फसली १३१० ही दोन्ही वर्षे १९०० साली एकत्र येतात. हा हिशेब चुकला की बाप मुलापेक्षा धाकटा ठरतो आणि वंशावळ नामंजूर होते.

इंग्रजी अमलाच्या मागे, पेशवाईपर्यंत जाता येते का?

येते, पण सगळ्यांना नाही. इथेच घराण्यांमध्ये फरक पडतो.

तळेगावच्या दाभाडे घराण्याचे उदाहरण घ्या. खंडेराव दाभाडे यांना शाहू महाराजांनी १७१७ मध्ये सेनापतिपद दिले. त्यांचे पुत्र त्रिंबकराव १ एप्रिल १७३१ रोजी डभोईच्या लढाईत बाजीराव पेशव्यांविरुद्ध लढताना पडले. त्यानंतर खंडेरावांच्या पत्नी उमाबाई यांनी सेनापतिपदाचा कारभार पाहिला. तीन शतकांपूर्वीच्या या घरातील बाप, मुलगा, आई सगळ्यांची नावे आणि तारखा आज सांगता येतात, कारण त्यांच्याकडे पद होते आणि पदाबरोबर पत्रव्यवहार होता.

देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी या वतनदार घरांचेही तसेच. वतनावरून भांडण झाले की दोन्ही पक्ष आपापल्या घराण्याची हकीकत लिहून देत. तिला ‘करीना’ म्हणत. गोतसभा बसे, साक्षी होत आणि निवाड्याचा ‘महजर’ लिहिला जाई. मूळपुरुष कोण, त्याला मुलगे किती, थोरली शाखा कोणती, हे सारे त्यात येई. म्हणजे भावकीतील भांडणांनीच घराण्यांचा इतिहास जपला. पण एक सावधगिरी हवी. करीना हा दाव्याचा कागद आहे. आपली बाजू भक्कम दिसावी म्हणूनच तो लिहिलेला असतो. प्रतिपक्षाचा करीना आणि निवाडा वाचल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवता येत नाही.

हे कागद मुख्यतः पुण्यात आहेत. पुणे पुराभिलेखागार म्हणजे प्रसिद्ध पेशवे दप्तर. तिथे मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० च्या दशकात त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. १९१० मध्ये वि. का. राजवाडे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातही घराण्यांची दप्तरे आहेत. पेशवाई संपल्यावर १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन नेमले गेले, तेव्हा इनामदारांना आपला हक्क सिद्ध करावा लागला. त्या चौकशीत दाखल झालेल्या कैफियती आणि वंशावळी हाही मोठा ठेवा आहे. महार वतनासह गावकामगारांची वतने १८७४ च्या कायद्याखाली नोंदली गेली. ही वतने पुढे १९५० आणि १९६० च्या दशकांत रद्द झाली, पण त्यांच्या वारसनोंदी वंशावळीला आजही उपयोगी पडतात.

सामान्य शेतकऱ्यासाठी त्या काळातला आधार म्हणजे गावाचा ‘थळझाडा’. गावात मूळ थळे किती, ती कोणत्या मिरासदार कुळांची आणि कोणती कुळे संपून ‘गतकुळ’ झाली, हे त्यात दिसते. मात्र त्यात कुळाचे नाव कळते, माणसांची साखळी कळत नाही. आणि बाहेरून येऊन जमीन कसणारा ‘उपरी’ असेल, तर तेवढेही नाही.

मग ‘मावळे’ असल्याचा दावा?

शिवरायांचा राज्याभिषेक १६७४ चा. २००५ मध्ये जन्मलेल्या मुलापासून तिथवर जायला सुमारे १२ पिढ्या लागतात. सरकारी कागद त्यातील चार-पाच पिढ्या दाखवू शकतात. उरलेल्या पिढ्यांसाठी वतनाचा कागद नसेल, तर दावा घरातील आठवणीवर उभा असतो. तो खोटा ठरत नाही, पण सिद्धही होत नाही.

गणिताची आणखी एक बाजू आहे. १२ पिढ्या मागे गेल्यावर हिशेबाने प्रत्येकाचे ४,०९६ पूर्वज होतात. भावकीत आणि त्याच पंचक्रोशीत लग्ने होत असल्याने प्रत्यक्षातली माणसे त्याहून कमी. तरी बापाकडून बापाकडे जाणारी वंशावळ त्यांतील एकच रेघ दाखवते. आई, आजी, पणजी कुठल्या घरच्या, हे तिच्यात येत नाही. त्यामुळे एखाद्याचा मावळा पूर्वज आईच्या बाजूने असेल, तर तो वंशावळीत कधीच दिसणार नाही.

गंमत अशी, की मावळातील सर्वांत जुन्या नोंदींत आई आहे. कार्ल्याच्या लेण्यात सातवाहन राजा पुळुमावीच्या काळातील एक शिलालेख आहे. भिक्षुसंघाला गाव दान देणारा ‘महारठी वासिष्ठीपुत्र सोमदेव’ हा ‘महारठी कौशिकीपुत्र मित्रदेव’ यांचा मुलगा, अशी त्यात ओळख आहे. वासिष्ठी ही सोमदेवाची आई आणि कौशिकी ही त्याची आजी. बाप-लेक आणि दोघांच्या आयांची गोत्रनामे असे कुटुंब सुमारे १,९०० वर्षांपासून दगडावर आहे. आजचे कोणतेही घर त्याच्याशी कागदाने जोडता येत नाही. पण बाईचे नाव गाळणे ही काही अनादी पद्धत नाही, एवढे त्यावरून कळते.

लोणावळा आणि धरणाखाली गेलेली गावे

१८६३ मध्ये भोर घाटातून रेल्वे सुरू झाली आणि लोणावळ्याचे रूप बदलले. इंजिन ड्रायव्हर, गार्ड, फिटर, व्यापारी अशी बाहेरची माणसे इथे स्थायिक झाली. त्यांच्या वंशजांसाठी सातबारा उपयोगाचा नाही. नगर भूमापनाची मालमत्ता पत्रके, नगरपरिषदेच्या जन्म-मृत्यू नोंदी, रेल्वेच्या सेवानोंदी आणि ख्रिस्ती कुटुंबांसाठी चर्चची रजिस्टरे पाहावी लागतात. मुंबई इलाख्यातील चर्चमधील बाप्तिस्मे, विवाह आणि दफनांच्या प्रती त्या काळी लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि त्यांची सूचीही आहे. परिणामी इथल्या एखाद्या गोऱ्या रेल्वे गार्डच्या ऑस्ट्रेलियातील नातवंडाला आपला पूर्वज घरबसल्या सापडू शकतो. त्याच रुळावर खडी फोडणाऱ्या मजुराच्या नातवाला तो सापडणे फार कठीण आहे.

धरणांची गोष्ट वेगळी. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पांसाठी १९१० आणि १९२० च्या दशकांत वळवण, शिरवता, ठोकरवाडी ही धरणे झाली. शेजारच्या मुळशीत धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह उभा राहिला. पुढे १९७० च्या दशकात पवना धरण झाले. पाण्याखाली गेलेल्या गावांतील घरे विखुरली आणि अनेकांची वंशावळ तिथेच तुटते. पण भूसंपादन होताना कागद तयार झालेला असतो. कोणाची किती जमीन गेली आणि कोणाला किती मोबदला मिळाला, याचा निवाडा असतो. मूळ गावाचे नाव ठाऊक असेल, तर तुटलेला धागा त्या निवाड्यात पुन्हा सापडू शकतो.

ज्यांच्या नावाचा कागदच नाही, त्यांचे काय?

सर्वांत बिकट प्रश्न हा आहे. मावळात महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी वस्त्या आहेत. महादेव कोळ्यांपैकी अनेकांकडे डोंगरउतारावरच्या जमिनी होत्या, त्यामुळे त्यांची नावे महसुली दप्तरात मिळतात. कातकरी मात्र कात पाडणे, कोळसा भट्ट्या, वीटभट्ट्या आणि शेतमजुरीसाठी फिरत राहिले. ज्या जागेवर वस्ती, ती जागा दुसऱ्याच्या नावावर. शाळेत पहिले पाऊल या एक-दोन पिढ्यांतले. १९५० पूर्वीचा कागद त्यांनी कुठून आणायचा? केंद्र सरकारच्या यादीत कातकरी ही विशेष असुरक्षित आदिम जमात आहे, तरी दाखल्याच्या खिडकीवर प्रश्न तोच विचारला जातो.

दोन गोष्टी इथे आधार देतात. पहिली, २००६ चा वनहक्क कायदा. त्याच्या नियमांत पुरावा म्हणजे केवळ सरकारी कागद असे मानलेले नाही. गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले जबाब, जुन्या घराच्या किंवा दफनभूमीच्या खुणा आणि जुन्या नोंदीतील व्यक्तीपर्यंत पोहोचणारी वंशावळ यांनाही त्यात स्थान आहे. म्हणजे म्हाताऱ्यांची आठवण, योग्य प्रकारे लिहून घेतली तर, कायद्याच्या दृष्टीने पुरावा ठरते. आठवण सांगणारी पिढी जाण्याआधी हे काम व्हायला हवे.

दुसरी, सर्वोच्च न्यायालयाचा २४ मार्च २०२३ चा निकाल. महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले, की जमातीच्या चालीरीतींवर आधारलेली आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी नाही. रक्ताच्या नात्यातील व्यक्तीला रीतसर चौकशीनंतर वैधता प्रमाणपत्र मिळाले असेल, तर नाते सिद्ध झाल्यावर त्याला महत्त्व द्यावे लागते. त्यामुळे पितृकुळातील एका घराने पुरावा उभा केला, की तो साऱ्या भावकीच्या कामाला येऊ शकतो.

परदेशात हा शोध कसा होतो?

अमेरिकेत पूर्वज शोधणे हा लाखो लोकांचा छंद आहे. १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजातून गेलेल्या प्रवाशांच्या वंशजांची तर १८९७ पासून संघटना आहे आणि तिने पहिल्या पिढ्यांच्या वंशावळी ग्रंथरूपाने छापल्या आहेत. आपल्याकडच्या कुलवृत्तांतांसारखाच हा प्रकार.

तिथे मोठा आधार जनगणनेचा. १७९० च्या पहिल्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव होते. १८५० पासून घरातील प्रत्येक मुक्त माणसाचे नाव लिहिले जाऊ लागले. ही पत्रके ७२ वर्षांनी लोकांना खुली होतात. त्यानुसार १९५० ची जनगणना २०२२ मध्ये खुली झाली. भारतात मात्र १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार व्यक्तींची माहिती गोपनीय असते, त्यामुळे तो मार्ग बंद आहे.

पण कातकऱ्यांसारखी भिंत तिथेही आहे. १८५० आणि १८६० च्या अमेरिकी जनगणनेत गुलामांची नोंद मालकाच्या नावाखाली वय, लिंग आणि रंग एवढीच झाली. बहुतेकांची नावे लिहिलीच गेली नाहीत. त्यामुळे आफ्रिकी-अमेरिकी कुटुंबांचा शोध पुष्कळदा १८७० पाशी येऊन थांबतो. त्यापलीकडे जायचे तर मालकाच्या मृत्युपत्रांत आणि खरेदी-विक्रीच्या पावत्यांत ‘मालमत्ता’ म्हणून पूर्वज शोधावा लागतो. कोणाचे नाव लिहायचे हे ज्याच्या हाती लेखणी तो ठरवतो, हे दोन्हीकडे सारखेच.

चुका कुठे होतात?

सर्वांत मोठी चूक म्हणजे नाव जुळले की माणूस जुळला असे मानणे. आजोबांचे नाव नातवाला ठेवायची रीत असल्याने एकाच घरात एका आड एक पिढीत तेच नाव येते, शिवाय गावात त्या नावाचे आणखी दोघे असतात. नाव, बापाचे नाव, सर्व्हे नंबर आणि साल या चारपैकी किमान तीन गोष्टी जुळल्याशिवाय नाते जोडू नये.

दुसरी चूक दत्तकाची. दत्तक गेलेल्या मुलाच्या नावापुढे दत्तक बापाचे नाव लागते. दत्तकपत्र न पाहता वंशावळ काढली, तर ती दुसऱ्याच शाखेत जाते.

तिसरी चूक सर्वांत महागात पडणारी. जुन्या कागदावर वेगळ्या शाईने शब्द वाढवून घेणे किंवा ‘तयार वंशावळ’ विकत घेणे. पडताळणी समितीकडे दक्षता पथक असते आणि ते मूळ नोंदवही मागवून तपासू शकते. दाखला खोटा ठरला तर मिळालेला लाभ काढून घेतला जातो आणि कायद्यात तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

आता करता येण्यासारखे काय?

नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत यात्रेकरूंची नावे गाव आणि आडनावाप्रमाणे लिहिलेली असतात. घरातून कुणी तिथे श्राद्धविधीला गेले असेल, तर गावाचे नाव सांगून विचारणा करता येते. ही वही दाखल्यासाठी एकटी पुरेशी नाही, पण कोणत्या नावाचा सरकारी कागद शोधायचा हे तिच्यातून कळू शकते.

मिळालेल्या प्रत्येक कागदाची प्रमाणित नक्कल घ्यावी. फोनवर काढलेला फोटो समितीपुढे चालत नाही. नकलेवर नोंदवहीचे नाव, पान आणि साल आहे ना, हे खिडकीवरच पाहावे. भावकीतील सर्वांनी एकत्र मिळून एकच वंशावळ तयार करावी. एकाच घराण्याच्या दोन अर्जांत दोन वेगळ्या वंशावळी गेल्या, की दोन्ही अर्ज अडकतात. आणि घरातील सर्वांत वयस्कर माणसाकडे फोनचे रेकॉर्डिंग सुरू करून बसण्याचे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नये. दप्तरातला रुमाल आणखी दहा वर्षांनीही सोडता येईल. सांगणारे माणूस तोवर असेलच असे नाही.